सीरमच्या आयआर स्पेक्ट्रममध्ये १०३३ चा फुगवटा कधी दिसतो, कधी नाहीसा होतो: कारणं आणि उपाय

आतड्याचा दाह ओळखण्यासाठी सीरमचा (रक्त साकळल्यावर वर उरणाऱ्या द्रवाचा) एटीआर-एफटीआयआर स्पेक्ट्रम, म्हणजे हिऱ्यासारख्या क्रिस्टलवर ठेवलेला नमुना कुठले अवरक्त (आयआर) किरण किती शोषतो याचा आलेख, घ्यायला सुरुवात केली की ही तक्रार हमखास येते. पहिल्या तुकडीत कोलायटिसचे (मोठ्या आतड्याच्या दाहाचे) आणि निरोगी नमुने सुरेख वेगळे पडतात. १०३३ सेमी⁻¹ या वेव्हनंबरजवळ (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लहरींची संख्या), शर्करेच्या पट्ट्यात, दाहाच्या नमुन्यांत स्पष्ट फुगवटा दिसतो. पुढच्या महिन्यात नवी तुकडी लावली की तोच फरक पुसट होतो, उलटा पडतो, किंवा निरोगी नमुन्यातच फुगवटा उभा राहतो. एकाच नळीतले दोन थेंबसुद्धा जुळत नाहीत. मग डिटेक्टरवर संशय घेतला जातो, सर्व्हिस इंजिनियरला बोलावलं जातं, आणि तो यंत्र ठीक असल्याचं सांगून जातो.

यंत्र खरोखर ठीक असतं. बिघाड बहुधा क्रिस्टल पुसण्यात, थेंब वाळण्यात किंवा रक्त काढल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंतच्या वेळात असतो. त्याचा माग काढायचा तर आधी आपण किती बारीक फरक शोधतोय याचा अंदाज हवा.

मुळात सिग्नल किती आहे?

सीरममध्ये प्रथिनं लिटरला ६० ते ८० ग्रॅम असतात. सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन निरोगी माणसात लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आत असतं आणि जोरदार दाहात १०० मिलिग्रॅमपर्यंत किंवा वर जातं. म्हणजे ०.१ ग्रॅम, एकूण प्रथिनांच्या सातशेव्या भागाइतकं. ते आयआरमध्ये थेट दिसणं शक्य नाही. दिसतो तो दाहाचा एकत्रित परिणाम: अल्ब्युमिन खाली येतं, ग्लोब्युलिन वाढतात, हॅप्टोग्लोबिन आणि अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन वाढतात. यातलं शेवटचं प्रथिन वजनाने जवळपास ४५ टक्के शर्कराच आहे. शर्करांचे कार्बन-ऑक्सिजन (सी-ओ) बंध १००० ते ११५० सेमी⁻¹ या पट्ट्यात शोषण करतात, म्हणून तिथे फरक पडतो. प्रथिनांच्या साखळीमुळे १६५० जवळ येणाऱ्या अमाइड-१ पट्टीचा आकारही बदलतो, कारण अल्ब्युमिन मुख्यतः अल्फा-हेलिक्स, म्हणजे पिळदार घडीचं आहे (१६५५ जवळ) आणि इम्युनोग्लोब्युलिनमध्ये बीटा-शीट, म्हणजे चपटी घडी जास्त (१६३५ जवळ).

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये उंदरांवरचं जे काम मांडलं, त्यात याच दोन भागांवर भर होता. आयएल-१० हे दाह आवरणारं जनुक काढलेले उंदीर दीर्घकालीन दाहासाठी आणि डीएसएस (आतड्याला दाह करणारं डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम) दिलेले उंदीर तीव्र दाहासाठी वापरले होते. १०३३ ची नोंद मॅनोजशी जोडली जाते ती तिथूनच. पण १०३३ वर ग्लुकोजचंही जोरदार शोषण आहे, आणि ते विसरल्यामुळेच निम्मा गोंधळ होतो.

ढोबळ हिशेब करून बघा. अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन लिटरला ०.८ ग्रॅमवरून दुप्पट झालं, तर त्यातून शर्करा वाढली सुमारे ०.३५ ग्रॅम. उपाशीपोटी ग्लुकोज लिटरला ०.९ ग्रॅम असतं आणि जेवणानंतर सहज १.३ होतं. फरक ०.४ ग्रॅम. म्हणजे दाहाचा भडका आणि दुपारचं जेवण, १०३३ वर दोघांचं वजन जवळजवळ सारखं. पुढचं सगळं या आकड्याला धरून वाचा.

आधी दोष कुठल्या पायरीवर आहे ते पकडा

रुग्णांच्या नमुन्यांना हात लावण्याआधी निरोगी सीरमचा एक साठा तयार करा. चार-पाच जणांचं सीरम एकत्र करून, नीट मिसळून, ५०-५० मायक्रोलिटरच्या नळ्यांत भरून उणे ८० ला ठेवा. हा तुमचा नियंत्रण नमुना. त्यावर चार चाचण्या करा. वाळलेल्या एकाच थेंबाचे, त्याला न हलवता, पाच स्पेक्ट्रम घ्या. मग त्याच नळीतून पाच वेगळे थेंब. मग पाच नळ्या वेगवेगळ्या वितळवून प्रत्येकी एक थेंब. आणि शेवटी पाच वेगळ्या दिवशी एकेक थेंब.

प्रत्येक वेळी बेसलाइन (पट्ट्यांखालची तळरेषा) काढून १०३३ च्या शोषणाला अमाइड-२ या प्रथिनांच्याच दुसऱ्या पट्टीच्या (१५४५) शोषणाने भागा आणि त्या गुणोत्तराचा विखुरलेपणा टक्क्यांत काढा. ज्या पायरीवर विखुरलेपणा उडी मारतो, तिथे दोष आहे. पहिल्या चाचणीतच आकडे हलत असतील तर यंत्र, पाण्याची वाफ किंवा अर्धवट वाळलेला थेंब. दुसरीत उडी असेल तर पुसणं, पिपेट आणि वाळवणं. तिसरीत असेल तर वितळवणं आणि मिसळणं. चौथीत असेल तर हवामान, बॅकग्राउंड (रिकाम्या क्रिस्टलचा, नमुन्यातून वजा होणारा स्पेक्ट्रम) आणि माणूस बदलल्याचा परिणाम.

आमच्या मते पहिल्या चाचणीत अर्ध्या टक्क्याच्या आत आणि दुसरीत ५ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय रुग्णांचे नमुने लावू नयेत. दोन गटांतला फरक ६ टक्के आणि थेंबाथेंबांतला विखुरलेपणा ८ टक्के, अशा अवस्थेत कितीही प्रगत सॉफ्टवेअर लावलं तरी ते गोंगाटच शिकणार.

क्रिस्टल नीट पुसला जात नाही

हा फार वेळा सापडणारा दोष, आणि त्याचं कारण सवयीत आहे. दुसऱ्या पदार्थांसाठी आपण क्रिस्टल थेट अल्कोहोलने पुसतो. वाळलेल्या सीरमवर अल्कोहोल टाकलं की प्रथिन विरघळत नाही, उलट साकळून पृष्ठभागाला चिकटतं. डोळ्यांना क्रिस्टल स्वच्छ दिसतो, पण त्यावर प्रथिनाचा अतिपातळ थर राहतो. मग त्याच क्रिस्टलवर बॅकग्राउंड घेतला तर तो थर बॅकग्राउंडमध्ये जातो आणि पुढच्या नमुन्यातून वजा होतो.

क्रम असा ठेवा. आधी शुद्ध पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून अर्धा ते एक मिनिट थांबा, प्रथिन फुगून मऊ होऊ द्या. मग ते टिपून घ्या, घासू नका. हे दोनदा करा. थर हट्टी असेल तर मधल्या फेरीत सौम्य डिटर्जंटचं एक टक्क्याचं द्रावण वापरा आणि नंतर पाण्याने भरपूर धुवा. सगळ्यात शेवटी ७० टक्के अल्कोहोल, आणि मग ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा.

स्वच्छ झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. सकाळी, पहिला थेंब टाकण्याआधी घेतलेला बॅकग्राउंड संदर्भ म्हणून ठेवा आणि प्रत्येक पुसण्यानंतर रिकाम्या क्रिस्टलचा स्पेक्ट्रम त्याच्याशी ताडून बघा. १६५० आणि १५४५ ला शोषण ०.००१ च्या खाली असलं पाहिजे. २८५० ते २९६० मध्ये सी-एच चे कंगोरे दिसले तर डिटर्जंट किंवा अल्कोहोल राहिलंय. नवीन बॅकग्राउंड ही तपासणी पार पडल्यावरच घ्यायचा.

झिंक सेलेनाइडचा क्रिस्टल असेल तर आणखी जपावं लागतं. तो आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही सोसत नाही, साधारण पीएच ५ ते ९ मध्येच टिकतो. रक्ताच्या नमुन्यांसाठी प्रयोगशाळेत ठेवलेलं हायपोक्लोराइट त्यावर टाकणं म्हणजे क्रिस्टलला मुकणं. हिऱ्याला रसायनांची ही भीती नाही, पण त्याच्या भोवतीची जोडणी कशाची आहे ते निर्मात्याच्या पुस्तिकेत बघून घ्या. टिपलेला कागद संसर्गजन्य समजून पिवळ्या पिशवीत आणि पिपेटची टोकं लाल पिशवीत, हे वेगळं सांगायला नको.

थेंब आणि त्याचं वाळणं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण दुसऱ्या चाचणीतली उडी बहुतेकदा इथलीच असते.

आधी भूमिती. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४, वाळलेल्या सीरमचा सुमारे १.५ आणि आपात कोन ४५ अंश धरला, तर किरण नमुन्यात तरंगलांबीच्या साधारण पाचव्या भागाइतके शिरतात. १६५० ला ते १.२ मायक्रोमीटर, १०३३ ला १.९. एक मायक्रोलिटर सीरम २ मिलिमीटर व्यासावर वाळलं तर थराची सरासरी जाडी २० मायक्रोमीटरच्या आसपास येते. म्हणजे जाडी गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि एक मायक्रोलिटर टाकलं की ०.९ टाकलं याने स्पेक्ट्रममध्ये फार फरक पडू नये. तरीही थेंबाथेंबाला फरक पडतो, तो दोन कारणांनी.

पहिलं कारण, भेगा. सीरमचा जाड थर वाळताना आकसतो, तडकतो आणि क्रिस्टलवरून सुटतो. किरण दोन मायक्रोमीटरच आत जातात, त्यामुळे मध्ये हवेची पातळ फट पडली तरी सिग्नल कोसळतो. खूण अशी की सगळ्या पट्ट्या एकदम खाली येतात, आणि अगदी वाळून झाल्यावर, म्हणजे आठव्या-दहाव्या मिनिटानंतर, शोषण वाढायचं सोडून घटू लागतं. आत शिरण्याची खोली तरंगलांबीवर अवलंबून असल्यामुळे ही घट सर्व पट्ट्यांत सारख्या प्रमाणात होत नाही. अमाइड आणि शर्करा यांचं गुणोत्तरही सरकतं, आणि नॉर्मलायझेशनने (सगळे स्पेक्ट्रम एका मापावर आणण्याने) ते पूर्ण भरून येत नाही. उपाय म्हणजे सीरम शुद्ध पाण्याने तिप्पट पातळ करणं. थर सुमारे ७ मायक्रोमीटर होतो, भेगा लक्षणीय कमी होतात. त्याहून पातळ करू नका. दहापट पातळ केलं तर थर २ मायक्रोमीटरवर येतो, आणि मग जाडीतला प्रत्येक फरक थेट शोषणात उतरतो. बफरने पातळ करणं तर पूर्ण वर्ज्य, कारण फॉस्फेट १०८० च्या आसपास जोरात शोषतं.

दुसरं कारण, कडा. बशीत सांडलेला चहा वाळल्यावर कडेला गडद वर्तुळ उरतं, तसंच सीरमचंही होतं. मोठी प्रथिनं कडेकडे वाहून जातात, क्षार आणि ग्लुकोजसारखे लहान रेणू शेवटपर्यंत द्रवात राहून मध्याजवळ साचतात. म्हणजे एकाच थेंबात मध्यभागी शर्करा-प्रथिन गुणोत्तर वेगळं आणि कडेला वेगळं. थेंब अर्धा मिलिमीटर सरकला की १०३३ चं गुणोत्तर बदललं. हा फरक अगदी दाहासारखाच दिसतो. म्हणून थेंबाने हिऱ्याचा सगळा सक्रिय भाग झाकला पाहिजे आणि तो दर वेळी मधोमध पडला पाहिजे. अर्ध्या मायक्रोलिटरमध्ये काटकसर करू नका. शक्य असेल तर क्रिस्टलवर लावायला भोक पाडलेला टेफ्लॉनचा पातळ कडं बनवून घ्या, थेंब तिथेच बसतो.

पिपेट ०.५ ते २.५ मायक्रोलिटरची वापरा. २० ची पिपेट एकवर आणून वापरणं चालत नाही. टोक आधी त्याच सीरमने एकदा ओलं करा, थेंब सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबू नका, नाहीतर बुडबुडा जातो. बुडबुडा असलेला थेंब पुसून टाका, सुईने फोडत बसू नका.

वाळण्याची वेळ घड्याळाने ठरवणं ही पुढची चूक. २५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रतेत एक मायक्रोलिटर आठ-दहा मिनिटांत वाळतो. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात, एसी बंद असेल तर, वीस मिनिटांनंतरही थरात पाणी असतं. पाण्याची १६४५ ची पट्टी अमाइड-१ च्या बरोबर खाली आहे. उरलेल्या पाण्याने अमाइड-१ फुगतं, त्याचा माथा खाली सरकतो, आणि बीटा-शीट वाढल्याचा भास होतो. पाण्याची दुसरी ओळख २१२५ ला असते, पण हिऱ्याचं स्वतःचं शोषण १८०० ते २७०० मध्ये असल्यामुळे तिथे भरवसा ठेवता येत नाही. त्याऐवजी दर मिनिटाला एक झटपट स्पेक्ट्रम घ्या आणि ३३०० जवळचं शोषण व अमाइड-१ ला अमाइड-२ ने भागून येणारं गुणोत्तर, दोन्ही बघत राहा. लागोपाठच्या दोन मिनिटांत एक टक्क्याहून कमी बदल झाला की थेंब वाळला. प्रत्येक नमुन्याला तोच निकष लावा आणि खोलीची आर्द्रता वहीत लिहा.

घाई म्हणून हेअर ड्रायर किंवा तापलेली प्लेट वापरू नका. साठ अंशांच्या वर प्रथिनं उलगडून एकमेकांना चिकटू लागतात आणि १६१५ ते १६२५ मध्ये नवीन खांदा उभा राहतो. त्यालाच दाहाची खूण समजून पुढे गेलेला माणूस मागे फिरायला बराच वेळ लागतो. हळू, थंड, कोरडी हवा चालते. उष्णता हवीच असेल तर ३७ अंशांवर थांबा. आणि वाळलेल्या थेंबावर दाबाची कळ आणायची गरज नाही. थर क्रिस्टलला आपोआप चिकटतो. कळ टेकली की तिच्या टोकावरून पुढचा नमुना दूषित होतो.

वाफ आणि यंत्र

१३०० ते १९०० मध्ये आणि ३५०० ते ३९०० मध्ये बारीक दातेरी रेषा दिसल्या तर ती पाण्याची वाफ. मूळ स्पेक्ट्रममध्ये ती दुर्लक्ष करण्याजोगी वाटते, पण दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये (आलेखाच्या वक्रतेत) ती अमाइड-१ वर स्वार होते. झाकण उघडल्यावर कोरड्या नायट्रोजनने किंवा कोरड्या हवेने वीस-तीस मिनिटं यंत्र धुऊन निघू द्या, डेसिकंटचा रंग पावसाळ्यात दर आठवड्याला बघा, यंत्र रात्रीही चालू ठेवा. आतला पोटॅशियम ब्रोमाइडचा बीमस्प्लिटर ओलाव्याने मरतो, त्यामुळे ही काळजी फक्त स्पेक्ट्रमपुरती नाही. २३५० ची जोडी कार्बन डायऑक्साइडची. ती तुमच्या पट्ट्यात नाही, पण ती हलत असेल तर पर्जिंग (कोरड्या वायूने यंत्र धुणं) नीट नाही हे कळतं.

वेव्हनंबरची शहानिशा पॉलिस्टायरिनच्या फिल्मने महिन्यातून एकदा करा. १६०१ ची रेषा सगळे बघतात, तुम्ही १०२८.३ चीही बघा, कारण तुमचा सगळा डाव त्याच शेजारात आहे. फिल्म प्रसारण पद्धतीने, म्हणजे किरण तिच्या आरपार सोडून बघायची. एटीआरमध्ये रेषा जराशा खाली सरकतात आणि ते सरकणं दोष नव्हे. बाकी ४ सेमी⁻¹ रिझोल्यूशन आणि ६४ स्कॅन पुरेसे आहेत.

१०३३ च्या शेजारचे तोतये

दुर्दैवाने प्रयोगशाळेतल्या अर्ध्या वस्तू नेमक्या याच पट्ट्यात शोषतात. फुगवटा दिसला की त्याचे सोबती शोधा, कारण तोतया एकटा कधीच येत नाही.

इथेनॉल १०४५ ला येतं आणि सोबत १०८८ व ८८० आणतं. मिथेनॉल तर थेट १०३० च्या आसपासच बसतं, म्हणून या कामात क्रिस्टल पुसायला मिथेनॉल वापरूच नये. टिश्यू पेपरचा एक तंतू हिऱ्यावर राहिला की सेल्युलोजचे १०३०, १०५५, ११०५ आणि ११६० असे शिखरांचे रांगेत दर्शन होते. पावडर लावलेले हातमोजे घातले तर स्टार्च १०००-१०२०, १०८० आणि ११५० ला दिसतं. पावडरशिवायचे नायट्राइल हातमोजे आणि तंतू न सोडणारा कागद, हा खर्च टाळण्यासारखा नाही.

नळीच्या बुचाला लावलेलं सिलिकॉन आणि जेलच्या नळीतून सुटलेले अंश हा जास्त फसवा प्रकार. सिलिकॉन १००० ते ११०० मध्ये रुंद पट्टी देतं, पण १२६० ला टोकदार शिखर आणि ८०० जवळ आणखी एक असतं. १२६० दिसलं की नळी बदला. दोन गटांचं रक्त वेगवेगळ्या नळ्यांत गोळा झालेलं असणं ही तर अत्यंत साधारण गोष्ट आहे: रुग्णांचं पिवळ्या टोपीच्या जेल नळीत, कारण वॉर्डात तीच असते, आणि निरोगी स्वयंसेवकांचं साध्या लाल टोपीच्या. तसं झालं असेल तर तुमचं सॉफ्टवेअर नळी ओळखतंय. सगळ्यांसाठी एकच नळी, एकाच कंपनीची, शक्यतो एकाच लॉटची घ्या. रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीएची जांभळी नळी घेतली तर ते सीरम नव्हेच, प्लाझ्मा आहे. त्यात फायब्रिनोजेन असतं, ईडीटीएच्या कार्बोक्सिलेट पट्ट्या १४०० आणि १५९० च्या आसपास येतात, आणि दोन्ही प्रकार एका मॉडेलमध्ये (आजारी-निरोगी ओळखायला शिकवलेल्या आकडेमोडीत) मिसळता येत नाहीत.

ग्लुकोजला बाजूला कसं काढायचं?

सगळे तोतये गेले तरी ग्लुकोज उरतंच, कारण ते नमुन्यातच आहे. रक्त काढून नळी तशीच पडून राहिली तर पेशी ग्लुकोज खात राहतात, साधारण तासाला ५ ते ७ टक्के. ओपीडीतल्या रुग्णाची नळी चार तासांनी सेंट्रिफ्यूज झाली आणि स्वयंसेवकाची अर्ध्या तासात, तर फरक तिथेच तयार झाला. नियम सोपा आहे: रात्रभर उपाशी, सकाळी रक्त, खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटं साकळू देणं, मग १५०० ते २००० जी वर १० मिनिटं, आणि लगेच वरचं सीरम काढून लहान नळ्यांत. काढल्याची आणि सेंट्रिफ्यूजची वेळ नळीवरच लिहा.

तरी शंका राहिली तर प्रत्येक नमुन्याचं ग्लुकोज नेहमीच्या एन्झाइम पद्धतीने मोजा आणि १०३३ च्या क्षेत्रफळाशी आलेख काढा. बिंदू सरळ रेषेत बसले तर तुम्ही महागडा ग्लुकोमीटर बनवला आहे. नियंत्रण साठ्यात लिटरला एक ग्रॅम ग्लुकोज मुद्दाम मिसळून त्याचाही स्पेक्ट्रम घ्या. १०३३, १०८०, ११०७ आणि ११५० एकत्र वाढलेले दिसतील. तुमच्या दोन गटांच्या वजाबाकीचा स्पेक्ट्रम याच्यावर ठेवून बघा. आकार जुळला तर उत्तर मिळालं.

निर्णायक चाचणी मात्र गाळण्याची. १० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरमधून सीरम गाळा. ग्लुकोज खाली उतरतं, ग्लायकोप्रोटीन वर राहतात. वरचा भाग पाण्याने दोनदा धुऊन मूळ आकारमानाला आणा आणि त्याचा थेंब वाळवा. दाहाचा फरक तरीही टिकला तर तो प्रथिनांना जोडलेल्या शर्करेचा आहे. इथे एक खोच आहे. या फिल्टरच्या पडद्याला वाळू नये म्हणून ग्लिसरीन लावलेलं असतं, आणि ग्लिसरीन १०४० आणि १११० जवळ दणदणीत शोषतं. फिल्टर वापरण्याआधी शुद्ध पाण्याने किमान तीनदा फिरवून धुवा आणि शेवटच्या धुण्याचा थेंब वाळवून तो रिकामा येतोय याची खात्री करा.

नमुन्याच्या बाकी खोड्या

वितळलेल्या सीरमचे थर होतात, खाली दाट आणि वर पातळ. न हलवता वरून थेंब घेतला की प्रथिन कमी दिसणारच. नळी बर्फावर वितळवा, आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करा, फेस येऊ देऊ नका. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. ५० मायक्रोलिटरच्या नळ्या त्याचसाठी.

गुलाबी सीरम बाद. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन बहुतांश अल्फा-हेलिक्स असतं, ते अमाइड-१ ओढून नेतं. दुधाळ सीरमात १७४० आणि २८५०-२९२० च्या मेदाच्या पट्ट्या फुगतात. तेही बाजूला ठेवा.

उंदरांवर काम करत असाल तर डीएसएसच्या प्रयोगात आणखी एक गुंता. पाण्यातून २ ते ३ टक्के डीएसएस पाच-सात दिवस दिलं की उंदराला जुलाब होतात, वजन उतरतं, तो खाणं कमी करतो. म्हणजे सीरम आटतं आणि ग्लुकोज बदलतं, दाहाशी थेट संबंध नसताना. आयसोफ्लुरेनची भूलही उंदराचं ग्लुकोज वाढवते, म्हणून एका गटाला भूल आणि दुसऱ्याला नाही असं चालणार नाही. दोन्ही गटांना रक्त काढण्याआधी सारखेच तास उपाशी ठेवा.

आकडेमोडीतले सापळे

स्पेक्ट्रम ९०० ते १८०० मध्ये कापा, रबरबँड बेसलाइन काढा, वेक्टर नॉर्मलायझेशन करा, मग हवं तर नऊ बिंदूंचा सॅवित्स्की-गोले (आलेख गुळगुळीत करण्याची रीत) वापरून दुसरा डेरिव्हेटिव्ह. अमाइड-१ च्या उंचीने नॉर्मलाइज करणं टाळा. ओलावा आणि वाफ दोन्ही तिथेच बसलेत, आणि तिथली चूक सगळ्या स्पेक्ट्रममध्ये पसरते. अमाइड-२ जास्त भरवशाचं. दाहात अल्ब्युमिन कमी झाल्यामुळे एकूण प्रथिनही हललेलं असू शकतं, म्हणून १०३३ चं गुणोत्तर वाढलं तर शर्करा वाढली की प्रथिन घटलं हे एकूण प्रथिन मोजूनच ठरवा.

जर्मेनियमच्या क्रिस्टलवर किरण तरंगलांबीच्या पंधराव्या भागाइतकेच शिरतात, हिऱ्याच्या एक तृतीयांश. शिखरांच्या जागाही किंचित वेगळ्या पडतात. हिऱ्यावर शिकवलेलं मॉडेल जर्मेनियमच्या स्पेक्ट्रमवर चालवू नका.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. तीस माणसं, प्रत्येकी तीन थेंब, प्रत्येक थेंबाचे तीन स्पेक्ट्रम, असे २७० स्पेक्ट्रम होतात. पण निरीक्षणं तीसच आहेत. शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या गटांत स्पेक्ट्रम यादृच्छिक वाटले, तर एकाच माणसाचे थेंब दोन्हीकडे जातात आणि मॉडेल आजार नव्हे, माणूस ओळखतं. अचूकता ९८ टक्के येते आणि नव्या रुग्णावर कोलमडते. विभागणी नेहमी माणसागणिक करा, आणि बेसलाइन सोडून जे काही डेटावरून शिकलं जातं (सरासरी, मुख्य घटक, पट्ट्यांची निवड) तेही फक्त शिकवण्याच्या गटावर.

मापनाचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरवा. सकाळी सगळे रुग्ण आणि दुपारी सगळे निरोगी, असं केलं की मॉडेल दुपारची आर्द्रता शिकतं. तपासायचं कसं? फक्त निरोगी नमुने घ्या आणि मॉडेलला मापनाचा दिवस ओळखायला सांगा. त्याला तो ओळखता आला तर तुमच्या स्पेक्ट्रममध्ये दिवसाची छाप आहे, आणि आजाराच्या उत्तरावर विश्वास ठेवायची वेळ आलेली नाही. दर दहा नमुन्यांमागे नियंत्रण साठ्याचा एक थेंब लावा. तो सरकला की तिथेच थांबा आणि मागचे दहा नमुने पुन्हा घ्या.

सगळं ठीक असूनही फरक टिकत नसेल तर

मग नमुन्यांवर लावलेली लेबलं तपासा. "आयबीडीचा रुग्ण" (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा रुग्ण) हे लेबल निरुपयोगी आहे, कारण औषधाने शांत असलेल्या क्रोन्सच्या (आयबीडीच्याच एका प्रकारच्या) रुग्णाचं सीरम निरोगी माणसासारखं असू शकतं. त्याच आठवड्यातली कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी, किंवा निदान शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आत बहुधा दाह नाही, २५० च्या वर बहुधा सक्रिय दाह) हाताशी हवं. महिन्यापूर्वीचा स्कोपीचा अहवाल आणि आजचं रक्त यांची जोडी लावू नका. कोण स्टिरॉइड घेतंय, हेही लिहा. प्रेडनिसोलोनने साखर चढते आणि ती परत १०३३ वरच येऊन बसते.

आणि तुलनेत फक्त निरोगी माणसं ठेवू नका. अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन संधिवातात, न्यूमोनियात, गळूतही वाढतं. जॉर्जियाच्या गटाने संधिवाताचे उंदीर तुलनेला घेतले ते याचसाठी. आपल्याकडे तर आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांचा गोंधळ अनुभवी गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टलाही सोडवायला अवघड जातो, आणि दोघांचे उपचार एकमेकांना मारक आहेत: क्षयरोग असताना रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर तो पसरतो. म्हणून भारतीय नमुन्यांच्या अभ्यासात किमान तीन तुलना-गट लागतात. निरोगी, आतड्याबाहेरचा दाह असलेले, आणि आतड्याच्या क्षयरोगाचे. मॉडेल पहिल्या गटापासून रुग्ण वेगळे काढतं आणि दुसऱ्यापासून काढत नाही असं दिसलं, तर अहवालात "शरीरातला दाह" एवढंच लिहा, "आतड्याचा" हा शब्द लिहू नका.